बाळाचा दिवस, आईची रात्र

मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिले. मुले हसू लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मिस, तुम्ही रात्री झोपला नाहीत का?" तिचे म्हणणे खरे होते. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती आणि रजा संपवून मी नुकतीच शाळेत येऊ लागले होते.

तुमच्या घरीही एखादे लहान भावंड असेल. ते रात्री रडते, अम्मी उठते आणि तुम्ही कूस बदलून पुन्हा झोपता. सकाळी अम्मी जरा चिडली, की तुम्हाला वाटते, हिला आज झाले तरी काय? तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

नुकतेच जन्मलेले बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते. तुम्ही म्हणाल, मग आईला आरामच आराम! पण ही झोप सलग नसते. ती दोन-तीन तासांच्या तुकड्यांची असते. याचे कारण बाळाच्या पोटात आहे. पहिल्या दिवशी ते पोट इतके लहान असते, की एका वेळी चहाचा एक-दीड चमचा दूध त्याला पुरते. पुढे पोट वाढते, पण आईचे दूध पचायला हलके असल्यामुळे भूक लवकर लागते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. एका वेळेला अर्धा तास धरला, तर एकूण किती तास झाले? हे गणित तुम्हीच करा. ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे मी त्यात धरलेले नाही.

शिवाय बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. आपल्या शरीरात जणू एक घड्याळ असते. अंधार पडला, की ते आपल्याला झोप आणते. बाळाचे हे घड्याळ साधारण तीन महिन्यांनी नीट चालू लागते. तोपर्यंत दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन त्याला सारखेच!

बाळ रडते, कारण त्याच्याजवळ दुसरी भाषा नसते. भूक लागली, दुपटे ओले झाले, उकडले, तरी ते रडते. कधी कधी कोणी जवळ घ्यावे, एवढ्यासाठीही रडते. आमचे घर मालेगावात, यंत्रमागांच्या मोहल्ल्यात आहे. पाहुण्यांना मागांच्या खटखटीने झोप येत नाही. माझी छोटी मात्र त्या आवाजात गाढ झोपायची. वीज गेली आणि माग थांबले, की ती दचकून उठायची! पोटात असतानाही बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात. हा आवाज तिच्या ओळखीचा झाला असावा.

शाळा सुरू झाल्यावर माझा दिवस पहाटे पाचला उगवू लागला. छोटीला पाजायचे, दुपटी धुवायची, डबा करायचा, तिला सासूबाईंच्या मांडीवर द्यायचे आणि निघायचे. मालिश आणि आंघोळ सासूबाईंकडे होती. घर जवळ असल्यामुळे मधल्या सुट्टीत मी धावत जाऊन तिला पाजून येत असे. दोरीवरची वाळलेली दुपटी घडी करण्याचे काम तिच्या अब्बांनी आपणहून घेतले होते. घड्या वाकड्या होत, पण मी काही बोलले नाही.

ओली दुपटी मोजायची सवय मला एका नर्सबाईंनी लावली होती. पहिला आठवडा झाल्यावर दिवसात सहा किंवा जास्त दुपटी ओली झाली, तर दूध पुरते आहे असे समजावे, असे त्या म्हणाल्या होत्या. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

शाळेत येऊन पंधरा दिवस झाले असतील. छोटीला जुलाब सुरू झाले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "दूध-पाणी बंद कर. जेवढे देशील, तेवढे बाहेर येईल." ऐकायला हे पटते. पूर्वी बरेच लोक असेच करत. मीही दुपारपर्यंत तिला फारसे पाजले नाही. ही माझी चूक होती. संध्याकाळी दुपटी मोजली, तर लघवीचे एकच होते. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हते. डोक्यावरची टाळू आत गेलेली दिसत होती. आम्ही तिला उचलले आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातले पाणी निघून चालले आहे. मग ते भरून काढायला नको का?" त्यांनी आम्हाला चार तास तिथेच बसवून घेतले. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळले होते. ते मी तिला चमच्या-चमच्याने पाजत राहिले. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आईचे दूधही चालूच ठेवायचे. त्याशिवाय चौदा दिवस द्यायच्या झिंकच्या गोळ्या मिळाल्या.

या पाकिटात मुख्यतः साखर आणि मीठ असते. ही दोन्ही एकत्र मिळाली, की आतडे ती शोषून घेते आणि त्यांच्याबरोबर पाणीही ओढले जाते. १९७१ साली आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली होती. बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना पाजायला लावले. शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आले. घरी पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालतात. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त झाले, तर अपाय होतो.

रात्री आम्ही घरी आलो. चमच्याने पाजणे चालूच होते. सासूबाई दिवा लावून बसल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास छोटी कुरकुरली. मी हात लावून पाहिले. इतर दिवशी मी कंटाळून उठले असते. त्या पहाटे मी तिच्या अब्बांना हलवून जागे केले आणि म्हणाले, "अहो, दुपटे ओले झाले!"