खजिन्याची वाट

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात, चिमठाणे-साळवे भागात, क्रांतिकारकांनी अडवला. सुमारे साडेपाच लाख रुपये त्यांच्या हाती लागले. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील, कापडण्याचे विष्णुभाऊ पाटील अशी माणसे या कटात होती. खानदेशात ही हकिकत पराक्रम म्हणून सांगतात आणि तो पराक्रम होताच. प्राणांवर उदार झाल्याशिवाय भर दिवसा कुणी सरकारचा खजिना अडवत नाही. पण हकिकत रंगत जाते आणि एक साधा प्रश्न मागे राहतो. हा पैसा मुळात सरकारच्या पेटीत आला कुठून? त्याचे उत्तर शोधायला लागलो की चिमठाण्याची घटना एका दिवसाची राहत नाही. तिची मुळे सव्वाशे वर्षे मागे जातात.

मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना सोडला, तो जानेवारी १८१८ मध्ये. पुढच्याच महिन्यात तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. झटापट झाली, आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फासावर चढवण्यात आले. खानदेशाला नव्या राज्याची पहिली ओळख झाली ती अशी. मग कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे मांडले. डोंगरातल्या भिल्लांशी लढाया, नेमणुका आणि तगाई असे सगळे उपाय चालले. १८२५ मध्ये जेम्स आउटरामने भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्लांचा बंदोबस्त भिल्लांनीच करायचा, ही युक्ती पुढे अनेक ठिकाणी वापरली गेली.

तरीही सामान्य कुणब्याच्या घरात इंग्रजी राज्य शिरले ते साखळी आणि नकाशा घेऊन. जमिनीची मोजणी, प्रतवारी, प्रत्येक शेताला सरकारी नंबर आणि त्या नंबरावर तीस वर्षांसाठी ठरलेला रोख सारा. सारा पूर्वीही होता, रोखीतही होता. पण गावच्या आकाराची दर साली घासाघीस व्हायची, पीक बुडाले तर पाटलामार्फत रदबदली व्हायची. आता आकडा दप्तरात गोठला. १८५२ च्या डिसेंबरात मोजणीचे अधिकारी सावदा भागात आले तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासमोर उभे ठाकले. यावल, फैजपूर, एरंडोलपर्यंत धग पोचली. शेवटी फौज आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. या लोकांनी सरकार उलथून टाकायचा विचार केला नव्हता. त्यांना एवढेच हवे होते की शेतात साखळी पडू नये. या उठावाची आठवण आपल्या पाठ्यपुस्तकांनी नीट ठेवली नाही, याचे मला वाईट वाटते.

पाच वर्षांनी, १८५७ च्या नोव्हेंबरात, खाज्या नाईकाच्या भिल्लांनी सेंधव्याच्या घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. चिमठाण्याच्या आधी सत्त्याऐंशी वर्षे, तापीच्या पल्याड. या दोन घटनांची एकमेकींशी थेट नाळ नाही, आणि ती ओढून जोडू नये. पण दोन्ही वेळी माणसांनी हात घातला तो सरकारच्या पैशालाच. हे राज्य वसुलीवर उभे आहे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते.

साऱ्याचे रोख रुपये मिळवायचे तर बाजारात विकले जाणारे पीक हवे. ते पीक म्हणजे कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कलेक्टर ॲशबर्नर यांनी गावठी जातीच्या जागी हिंगणघाटचे बी पसरवायचा सरकारी जोर लावला. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र होता तिथेच राहिला. मधल्या फटीत सावकार बसला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचली. शिंदखेड्याला रूळ दिसले ते शतक संपता संपता, सुरतेहून अमळनेरकडे आलेल्या तापी व्हॅली रेल्वेने. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद ही नावे स्थानकांच्या पाट्यांवर चढली. माल भराभर बंदराकडे जाऊ लागला. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ खानदेशावर आला तो याच सुमारास. रेल्वेने धान्य आणता येत होते. ते विकत घ्यायला पैसा कुणाकडे उरला होता?

आता खजिन्याच्या वाटेकडे परत येतो, कारण तिथे आपल्या इतिहासातली मोठी गाळलेली जागा आहे. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये विरदेल या नावाने येणारा हा तालुका. त्यातल्या गावोगावी जमा झालेला वसूल मामलेदार कचेरीपर्यंत नेत कोण असे? वसूल पाटलाने करायचा, हिशेब कुलकर्ण्याने लिहायचा आणि रकमेसोबत पायी कचेरी गाठायची महाराने. कचेरीचे टपाल नेणे, येणाऱ्या अंमलदाराची सरबराई, हद्दीच्या खुणांची राखण, चावडीवर हाक येईल तेव्हा हजर होणे, हे सगळे वतनी कामात मोडे. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि बलुते. इंग्रजांनी ही रीत निर्माण केली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने मात्र तिला सरकारी शिक्का बसला. गावातली जुनी उतरंड नव्या राज्याला स्वस्तात राबवायला मिळाली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले ते याच जाचाविरुद्ध. ही वतने अखेर संपली १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. चिमठाण्याच्या स्मारकापुढे उभे राहून खजिना लुटणाऱ्यांना वंदन करताना, ती रक्कम वर्षानुवर्षे पायपीट करून पोचवणाऱ्यांचीही आठवण व्हायला हवी. त्यांची नावे कुठल्याही शिळेवर नाहीत.

१९४४ च्या त्या मोहिमेमागे साताऱ्याचा अनुभव होता. तिथे प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, कमी खर्चाची लग्ने लावली, सावकाराला आणि गुंडाला वचक बसवला. त्यांनी नुसती सत्ता नाकारली नाही, तिच्या जागी रोजच्या जगण्याची दुसरी घडी बसवू पाहिली. खानदेशात तसे समांतर सरकार रुजले नाही, तरी सप्टेंबर १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांवर झालेल्या गोळीबाराची जखम ताजी होती.

राज्य गेले, पण त्याची कागदपत्रे राहिली. १८७९ ची जमीन महसूल संहिता स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि महाराष्ट्राची स्वतःची संहिता झाली १९६६ मध्ये. आणेवारीची पैसेवारी झाली. पीक पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर आजही गावची सवलत ठरते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शिंदखेडा तालुका सरकारने दुष्काळी जाहीर केला. दोन्ही वेळा पाऊस किती कमी पडला याची जितकी चर्चा झाली, तितकीच दुष्काळ कागदावर किती उतरला याचीही झाली.

याच तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटील यांची जमीन औष्णिक वीज प्रकल्पासाठी घेतली गेली. तेव्हा २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आलेला नव्हता. सरकारने जमीन कशी घ्यावी याची घडी १८९४ च्या कायद्याने घालून दिलेली होती. मोबदल्यात अन्याय झाल्याचे सांगत ऐंशी ओलांडलेला हा माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी ते गेले. त्यांच्या जमिनीच्या फेरमूल्यांकनाचे लेखी आश्वासन मिळाले ते त्यानंतर.