परसांतील सापसुरळी

केळीच्या आळ्याशीं किंवा भाजीच्या वाफ्याच्या कडेला ऊन पडलें कीं, पाचोळ्यांतून सळसळत जाणारा एक तकतकीत तपकिरी प्राणी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. हीच सापसुरळी. पुष्कळ ठिकाणीं हिला सापाची मावशी म्हणतात, आणि या नात्यापायींच हिचा जीव जातो. गडी खुरपें टाकून काठी उचलतो, घरांतील मंडळी ‘मारा, मारा’ म्हणून ओरडतात, व ज्या प्राण्यानें आपलें कधीं कांहीं बिघडविलें नाहीं तो कुंपणापलीकडे फेकला जातो. हिच्या चाव्यानें माणूस दगावतो हा समज अगदीं खोटा आहे. पाल, सरडा व सापसुरळी यांपैकीं एकहि आपल्याकडे विषारी नाहीं.

ओळख पटविणें कठीण नाहीं. सापसुरळीला चार आखूड पाय असतात. डोळ्यांना पापण्या असून ती त्या मिटते. सापाला पापण्याच नसतात. डोळ्यांच्या मागें कानाचें भोंकहि दिसतें, तेंहि सापाला नसतें. अंगावरील खवले कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले व तेल लावल्यासारखे चकचकीत असतात. आपल्याकडील मोठी जात शेपटासह सुमारें एक फूट भरते. तिच्या पाठीवरील खवल्यांवर बारीक कंगोरे असतात. विणीच्या दिवसांत नराच्या कुशीवर तांबूस झांक येते, ती पाहून ‘ही विषारी जात’ असें कोणी म्हणूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. दुसरी जात लहान व काशाच्या रंगाची. तिसरी मात्र खरोखरच फसविणारी आहे. ती बारीक, लांबट, आणि पाय इतके चिमुकले कीं धांवतांना दिसतहि नाहींत. पिलांचें शेपूट तर लालभडक असतें.

शेपटावर काठी बसली तर तें तुटून वळवळत राहतें व मालकीण निसटते. मागाहून नवें शेपूट फुटतें, पण त्यांत मणक्यांऐवजीं कूर्चेचा दांडा असतो. शेपटांत चरबीचा सांठा असल्यामुळें ही सुटका तिला स्वस्त पडत नाहीं.

तिचें खाणें म्हणजे नाकतोडे, रातकिडे, अळ्या, भुंगेरे, झुरळें. कोळी व गांडुळें यांसहि ती सोडीत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. घाटेअळीची धाड आल्यावर ती एकटी पीक राखील अशी आशा कोणी करूं नये; परंतु परसांतल्या वाफ्यांवर दिवसभर फुकट राखण करणारा एवढा गडी दुसरा मिळणार नाहीं. तिच्यासाठीं करावयाचें तेंहि थोडेंच. कुंपणाच्या एका कोपऱ्यांत दगडांची रास व पाचोळा राहूं द्यावा, सगळा जाळूं नये. अळ्यांवर विषारी औषध मारल्यास तिचें भक्ष्यच नाहींसें होतें. मोकळ्या ओलसर मातींत चामड्यासारख्या सालीचीं पांढरीं अंडीं सांपडल्यास तीं हातीं न घेतां पुन्हां मातीनें झांकावीं, कारण सापाचींहि अंडीं तशींच दिसतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. सापसुरळीला सोडून द्यावयाचें म्हणजे पाचोळ्यांत हात घालावयाचा असें नव्हे. त्याच दगडांखालीं फुरसेंहि बसतें. फुरशाचे खवले खरखरीत, डोकें त्रिकोणी व मानेहून रुंद असतें. डिवचलें असतां तें वेटोळें करून अंगावर अंग घांसतें व खरखर असा आवाज काढतें. पाय स्पष्ट दिसले नाहींत तर लांबूनच परतावें. उकिरडा किंवा पाचोळ्याचा ढीग उपसतांना दांताळें वापरावें.

तसेंच, अंधारांत कांहीं चावलें आणि ‘सापसुरळीच असेल’ असें घरांत कोणी म्हटलें, तर त्या बोलण्यावर विसंबूं नये. परसांत आढळणाऱ्या बहुतेक सापसुरळ्या उन्हांत फिरतात व रात्रीं बिळांत असतात. मण्यार रात्रींच हिंडते व तिच्या दंशाच्या जागीं वेदना फारशी होत नाहीं. अशा वेळीं जखम कापूं नये, चोखूं नये, मांत्रिकाकडे जाऊं नये. रोग्याला चालूं न देतां तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारें प्रतिविष तेथें मिळतें, आणि तें जितकें लवकर टोंचलें जाईल तितका गुण अधिक.