बुटाचे दोन उपयोग आणि रस्त्याचेही

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे एक प्रश्न आला. प्रश्नकर्ते गृहस्थ मुलीकडे अमेरिकेत गेले होते. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, अगदी मध्यवस्तीत, ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर त्यांना काउबॉय बुटांची दुकानं दिसली. एक नाही, अनेक. चांगल्या जोडाची किंमत काही शे डॉलर, भारीतल्या जोडाची हजाराच्या पुढे. ते विचारतात, "सगळं जग घरबसल्या वस्तू मागवत असताना ही दुकानं भर गावात चालतात कशी? आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला यावर काही म्हणायचं आहे का?"

म्हणायचं आहे. किंबहुना ॲरिस्टॉटलनं ते आधीच म्हणून ठेवलंय. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात तो सांगतो की प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात, आणि उदाहरण देतो ते नेमकं जोड्याचं. जोडा पायात घालता येतो, आणि तो देऊन बदल्यात दुसरं काही मिळवताही येतं. दोन्ही उपयोग जोड्याचेच, पण पहिला त्याचा स्वतःचा. कारण जोडा मुळात देवघेवीसाठी तयार झालेला नसतो. आज आपण हा भेद रस्त्याला लावून पाहू. रस्त्यावर माणसं चालतात, थांबतात, एकमेकांना भेटतात, हा त्याचा स्वतःचा उपयोग. रस्त्याकडेची जागा विकता येते, भाड्यानं देता येते, हा दुसरा.

आता थोडा इतिहास. अमेरिकी शहराच्या मध्यभागाला तिकडे डाउनटाउन म्हणतात. मोठी दुकानं, बँका, नाट्यगृहं सगळी तिथं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं उपनगरांत गेली. 1956 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी राष्ट्रीय महामार्गांचा मोठा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मिनियापोलिसजवळ एडिना इथं साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाहून आलेला. उपनगरातल्या लोकांना व्हिएन्नासारखी एकत्र येण्याची जागा द्यावी, असं त्याच्या मनात होतं. झालं उलटंच. आहेत त्या गावांचे मध्यभाग मॉलनी रिकामे केले, आणि पुढे खुद्द ग्रुएननंच या मॉलशी आपलं नातं नाकारलं.

नॅशव्हिलचं बघा. 'ग्रँड ओल ऑप्री' हा तिथला कंट्री संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम 1943 पासून ब्रॉडवेला लागूनच असलेल्या रायमन सभागृहात होत असे. 1974 साली तो शहराबाहेरच्या नव्या जागेत गेला. रायमन ओस पडलं, आणि ब्रॉडवेवर संध्याकाळी घरच्यांना घेऊन जावं अशी जागा राहिली नाही. 1994 साली रायमन दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर मोठं क्रीडागृह आलं, आणि गाणं ऐकायला माणसं परत आली. बुटांच्या व्यापाराला खरा बहर आला तो या माणसांच्या मागोमाग. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसांना यायला कारण मिळालं, मग व्यापार फुलला.

पण मग बूटच का? टोपी, शर्ट, काहीही चाललं असतं की! इथं थोडं बुटाच्या आत शिरावं लागेल.

काउबॉय बूट हे घोड्यावर बसणाऱ्या गुराख्याचं पादत्राण. टाच उंच आणि आत कललेली, म्हणजे पाऊल रिकिबीतून पुढे घसरत नाही. वरच्या नळीवरची नक्षीची शिवण दिसायला छान, पण तिचं कामही असतं. तिनं चामड्याला ताठपणा येतो. आणि या बुटाला नाडी नसते. नाडीच्या बुटात थोडं कमीजास्त असलं तर आवळता येतं, सैल करता येतं. इथं पाऊल धरून ठेवतो तो फक्त पावलाच्या वरच्या उंचवट्यावर बसणारा चामड्याचा घट्ट भाग. तिथं सैल पडला तर चालताना पाय आत खेळतो, घट्ट असला तर पाय आतच जात नाही. नवा असताना टाच थोडी उचलली जाते; जाणकार विक्रेता सांगतो, "हे ठीक आहे, सोल वाकायला लागला की कमी होईल." आता नवा जोडा चावतोय की नुसता कडक आहे, हे संगणकाच्या पडद्यावरून कसं कळणार? आम्ही स्वतः एकदा अशा दुकानात पाऊण तास बसलो. चार जोड घालून चाललो. घेतला एकही नाही, पण आमचा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे हे सत्तरीत कळलं!

याचा एक चांगला दाखला म्हणजे 'टेकोव्हास' ही कंपनी. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 2015 साली ती सुरू झाली. बूट मेक्सिकोतल्या लिओन या चर्मोद्योगाच्या शहरात बनवायचे आणि मधले व्यापारी वगळून इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकाला विकायचे, असा बेत. म्हणजे दुकानच नको. आणि 2019 साली तिनं काय केलं? ऑस्टिनच्याच साउथ काँग्रेस रस्त्यावर दुकान उघडलं. पुढे इतर शहरांतही उघडली. पाय टपालानं पाठवता येत नाही, हो!

म्हणजे या दुकानात बुटाइतकाच वेळही लागतो. गिऱ्हाईक बसतं, चालून बघतं, सोबत आलेली माणसं ताटकळतात. ती बाहेर येतात, शेजारी कॉफी घेतात, बाकावर टेकतात. अशा थांबलेल्या माणसांमुळे रस्ता जागता आणि सुरक्षित राहतो, हे जेन जेकब्ज यांनी 1961 सालच्या अमेरिकी शहरांवरच्या आपल्या ग्रंथात फार बारकाईनं दाखवलं. तेव्हा प्रश्नकर्त्यांना आमचं पहिलं उत्तर असं: ज्या वस्तूला देहाची हजेरी लागते, तिचं दुकान टिकतं, आणि रस्त्याला त्याच्या पहिल्या उपयोगाकडे थोडं परत नेतं.

थोडंच का? कारण त्याच ग्रंथात जेकब्ज एक धोक्याची सूचना देतात. नव्या, लहान धंद्यांना जुन्या, कमी भाड्याच्या इमारती लागतात. रस्ता यशस्वी झाला की भाडी चढतात, आणि ज्यांनी तो यशस्वी केला त्यांनाच ती परवडत नाहीत. साउथ काँग्रेस हा एकेकाळी स्वस्त मोटेलांचा, काहीसा बदनाम रस्ता. 'ॲलन्स बूट्स' हे दुकान तिथं 1977 पासून आहे, म्हणजे पडत्या काळातही ते होतं. 2022 साली त्याच रस्त्यावर हर्मिस या फ्रेंच कंपनीचं दालन उघडलं. यात कोणाची चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण जागेची किंमत हाच रस्त्याचा मुख्य उपयोग होऊन बसला, तर गर्दी असूनही रस्ता काही थोड्या लोकांचाच उरतो.

मग पुनरुज्जीवन खरं की दिखाऊ, हे ओळखायचं कसं? आमची एक साधी कसोटी आहे. चांगल्या काउबॉय बुटाचा सोल झिजला की बदलता येतो. त्याच्या कमानीखाली लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकलेल्या असतात. हातात कसब असलेला कारागीर त्या काढून नवा सोल बसवतो, आणि जोड आणखी कितीतरी वर्षं चालतो. तर विचारायचं हे, की बूट विकणारा ज्या रस्त्यावर आहे, त्याच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरावर सोल बदलणाऱ्यालाही जागा परवडते का? आणि काहीच न घेता टेकायला एखादा बाक आहे का? दोन्ही असतील तर गाव परत आलं. नसतील तर फक्त खरेदी परत आली.

जाता जाता एक सांगतो. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, कडेला सायमन नावाच्या जोडे करणाऱ्याचं दुकान होतं आणि सॉक्रेटिस तिथं जाऊन बोलत बसे, अशी परंपरागत कथा आहे. विसाव्या शतकात त्या चौकालगत उत्खनन झालं, तेव्हा एका घरात जोड्यांचे खिळे सापडले आणि सायमनचं नाव कोरलेला पेल्याचा तुकडाही. तो हाच सायमन, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण कथा खरी मानली तर सॉक्रेटिस गिऱ्हाईक म्हणून काही उपयोगाचा नव्हता. तो बहुतेक अनवाणीच फिरे. तरी सायमननं त्याला बसू दिलं. नॅशव्हिल असो वा ऑस्टिन, बुटांच्या दुकानांनी सजलेल्या रस्त्यावर अशा अनवाणी माणसाला बसायला जागा आहे का, एवढं प्रश्नकर्त्यांनी पुढच्या खेपेला बघून यावं आणि आम्हाला कळवावं.