बृहदंगुलिता
बृहदंगुलिता (मॅक्रोडॅक्टिली) हा हाताचे वा पायाचे बोट जन्मतःच अवाजवी मोठे असण्याचा दुर्मिळ विकार आहे. यात हाड, चरबी, मज्जातंतू, त्वचा, नख सारेच वाढते. हातात तर्जनी अधिक वेळा बाधित होते. बाधित ऊतींत बहुधा पीआयके३सीए जनुकातील बदल आढळतो. तो गर्भधारणेनंतर घडत असल्याने विकार सहसा आनुवंशिक नसतो. ग्रहण पाळण्या-न पाळण्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

निदान प्रत्यक्ष तपासणी व क्ष-किरण चित्राने होते; रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना, हेही पाहतात. काही मुलांत बोट शरीराच्या प्रमाणात वाढते, काहींत त्याहून झपाट्याने. म्हणून ठरावीक काळाने मोजमाप घ्यावे लागते.

उपचार शस्त्रक्रियेचा. जादा चरबी टप्प्याटप्प्याने काढतात. मुलाचे बोट वडिलांच्या, मुलीचे आईच्या बोटाएवढे लांब झाले की हाडाची वाढकूर्चा बंद करतात. लांबी थांबते, जाडी मात्र पुढेही वाढू शकते.

गोंदिया जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके अंगणवाड्यांत बालकांची तपासणी करतात. कार्यक्रमाने नावानिशी नोंदलेल्या नऊ जन्मदोषांत हा विकार नाही, त्यामुळे पालकांनी बोट स्वतःहून दाखवणे महत्त्वाचे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुघटन शल्यचिकित्सेची सोय रेल्वेने सुमारे १३० किमीवरील नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे.