अर्ध्या सेकंदाचा माग

सॉफ्टवेअरमधली भगदाडं हुडकणाऱ्यांवर लिहा, असं संपादक म्हणाले आणि मला आंद्रेस फ्रॉइंड आठवले. खरं तर ते सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. तरीही अलीकडच्या काळातली एक अत्यंत घातक चोरवाट त्यांनीच उघडकीला आणली.

मार्च 2024 मध्ये ते डेबियन लिनक्सच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात लॉगिन करण्याचा प्रोग्राम, प्रोसेसर भलताच खात होता. तोही चुकीच्या नावाने आलेल्यांना नुसतं परत पाठवताना. जिथे 0.3 सेकंद पुरायचे, तिथे 0.8 लागत होते. एवढ्याशा वेळाकडे कुणीही काणाडोळा केला असता. फ्रॉइंड यांना मात्र काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंड या तपासणीच्या साधनाने केलेली विचित्र तक्रार आठवली. माग काढत ते एक्सझेडपाशी पोहोचले.

फाइली दाबून लहान करणं, एवढंच एक्सझेडचं काम. एसएसएचला तिची गरजही नाही. पण काही लिनक्स वितरणांनी एसएसएचला सिस्टमडीशी, म्हणजे संगणकातल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेशी, जोडलं होतं, आणि तिच्यामागून एक्सझेड आत यायची. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत घातक कोड चाचणीच्या नमुना फाइलींत दडवलेला होता. तो बाहेर काढणारा तुकडा तर फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडसाठ्यात त्याचा मागमूस नाही. लॉगिनच्या वेळी सही तपासणाऱ्या फंक्शनची जागा हा कोड बळकावायचा. मग विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्याला त्या संगणकावर हवा तो हुकूम सोडता आला असता. 29 मार्चला फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं, तेव्हा हा कोड डेबियन आणि रेड हॅटच्या पक्क्या आवृत्त्यांत अजून शिरायचा होता.

माझी काळजी पुढची आहे. एक्सझेडचा सांभाळ लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, बिनपगारी करत होते. 2021 पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं, तीही कामाची. 2022 मध्ये अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लागला : काम रेंगाळतंय, दुसऱ्याकडे सोपवा. प्रकृती ठीक नाही, हे हौसेचं काम आहे, असं त्यांनी उघडपणे कळवलंही. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले. थकलेल्या माणसाला हेरून त्याचा विश्वास कमावण्यात दोनेक वर्षं घालवली गेली, आणि असा डाव कोड तपासणाऱ्या कोणत्याही साधनाला दिसत नाही. जिया टॅन कोण, हे अजून जगापुढे आलेलं नाही.

मे 2024 मध्ये कॉलिन यांनीच एक्सझेड साफ करून 5.6.2 ही आवृत्ती दिली. ज्या कंपन्यांचे सर्व्हर अशा फुकटच्या कोडवर चालतात, त्यांनी तो सांभाळणाऱ्यांना रीतसर पगार द्यावा आणि जोडीला दुसरा माणूस द्यावा. पुढच्या वेळी अर्धा सेकंद मोजणारं कुणी तिथे असेलच असं नाही.