शून्य मिनिटांचा विद्यार्थी

ऑनलाइन कोर्स करताना तुम्ही व्हिडिओ कुठे थांबवला, कुठे मागे नेला, वेग दीडपट केला का, प्रश्नाचं पहिलं उत्तर काय दिलं आणि मग बदलून काय दिलं, हे सगळं कुठेतरी नोंदलं जातं. या नोंदींना आमच्या क्षेत्रात ‘क्लिकस्ट्रीम’ म्हणतात. गेली काही वर्षं बॉस्टनजवळच्या एका कंपनीत मी हेच काम करतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोळा करायच्या, चाळायच्या आणि कोर्स तयार करणाऱ्या प्राध्यापकांना सांगायचं, की सर, तुमचा चौथा धडा मुलांच्या डोक्यावरून जातोय. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करत होतो तेव्हा असल्या कामाचा कुणी पगार देतं असं सांगितलं असतं, तर आमच्या हॉस्टेलमध्ये सगळे हसले असते.

या कामाची एक मोठी सुरुवात माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही, केंब्रिजमध्ये झाली. मार्च २०१२ मध्ये एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा कोर्स अख्ख्या जगाला फुकट खुला केला. शिकवणाऱ्यांमध्ये प्रमुख होते मूळचे भारतीय अनंत अगरवाल. १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवलं, सर्टिफिकेट मिळालं ७,१५७ जणांना. ‘एवढी गळती!’ म्हणून पुढे या असल्या आकड्यांवर भरपूर टीका झाली. संशोधकांचा डोळा मात्र तिसऱ्याच आकड्यावर होता. त्या एका कोर्समधून विद्यार्थ्यांच्या सुमारे २३ कोटी कृतींची नोंद जमा झाली होती. वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या मास्तरांना एवढी माहिती सात जन्मांत मिळणार नाही.

तिचा उपयोग होतो का? होतो, आणि कधी कधी फार छान होतो. कोर्सेराच्या सहसंस्थापक डॅफ्नी कोलर यांनी २०१२ च्या त्यांच्या टेड व्याख्यानात सांगितलेलं उदाहरण मला अजूनही आवडतं. अँड्र्यू एनजी यांच्या मशीन लर्निंगच्या कोर्समध्ये एका असाइनमेंटला दोन हजार विद्यार्थ्यांनी अगदी एकच चुकीचं उत्तर दिलं होतं. शंभरांच्या वर्गात दोघांचं उत्तर सारखं चुकलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन हजारांचं चुकलं की शोध घ्यावाच लागतो. त्यांनी तो घेतला, गैरसमज नेमका कुठे होतोय ते पाहिलं आणि तेच चुकीचं उत्तर देणाऱ्याला त्याच्यापुरती सूचना दिसेल अशी सोय केली.

व्हिडिओंचंही तसंच. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्सच्या चार कोर्सेसमधल्या ८६२ व्हिडिओंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळ ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. निष्कर्ष असा, की व्हिडिओ कितीही लांब असो, लोकांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतं. तासाभराचं लेक्चर कापून त्याचे तुकडे केले, तरी मुळातच छोट्या धड्यासाठी तयार केलेल्या व्हिडिओची सर त्याला येत नाही. लोक व्हिडिओ नेमका कुठे मागे नेतात, हेही याच गटातल्या लोकांनी तपासलं. पुष्कळदा ती जागा दृश्य बदलण्याच्या आसपासची निघाली. म्हणजे स्लाइड पटकन पुढे गेलेली असते आणि बिचारा विद्यार्थी ती परत शोधत असतो. ‘सर, जरा थांबा ना, उतरवून घेतोय,’ असं वर्गात म्हणता येतं. इथे ते काम बोटाने करावं लागतं.

पण या यशाची नशा चढू नये म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना २०२० चा एक अभ्यास आवर्जून वाचायला देतो. रेने किझिलसेक आणि इतरांनी हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या सुमारे अडीचशे कोर्सेसमध्ये, अडीच वर्षं, जवळजवळ अडीच लाख विद्यार्थ्यांवर छोटे छोटे उपाय करून पाहिले. ‘अभ्यास कधी आणि कुठे करणार ते आधीच लिहून काढा’ अशा प्रकारचे. आधीच्या लहान प्रयोगांत ते जोरात चालले होते. मोठ्या प्रमाणावर परिणाम अगदी किरकोळ निघाला. पहिल्या काही आठवड्यांत थोडा उत्साह, मग मागचं तसंच पुढे. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता उपाय लागू पडेल हे संगणकाकडून ठरवून घेण्यानेही फारसं काही साधलं नाही. विद्यार्थी कुठे थांबला ते नोंदींमध्ये दिसतं. का थांबला, ते त्यांत नसतं.

आणि मुळात थांबला की नाही, हे तरी दिसतं का? इथे मला माझं हॉस्टेल आठवतं. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची लेक्चर्स तेव्हा आमच्याकडे पेन ड्राइव्हवरून फिरायची. एकाने कॉलेजच्या लॅबमधून उतरवून आणायची, मग ती मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत पोहोचायची. ऑपरेटिंग सिस्टीम्स मी त्यावरच शिकलो. जगातल्या एकाही सर्व्हरवर त्याची नोंद नाही. माझा मावसभाऊ लातूरला इंजिनीअरिंगला होता, ते अगदी अलीकडचं. त्याच्याकडे इंटरनेट होतं, तरी प्रकार फार वेगळा नव्हता. चौघांत एक लॉगिन, एक लॅपटॉप, आणि ज्याचा डेटा पॅक शिल्लक त्याचा हॉटस्पॉट. परीक्षेची फी एकानेच भरलेली. आमच्या हिशेबात हा एक विद्यार्थी, तोही रात्री दोन वाजता तीच पाच मिनिटं सात वेळा मागे नेणारा. त्याला विषय कळत नाही असं आमचा प्रोग्रॅम म्हणणार. प्रत्यक्षात चौघांचा वाद चाललेला असणार!

हा फक्त आपल्याकडचा जुगाड आहे असं मात्र समजू नका. आमच्या कंपनीत डेटाबेसचा एक कोर्स आहे. जे मागे पडतायत त्यांची दर आठवड्याला एक ‘धोक्याची यादी’ निघायची आणि यादीतल्यांना आपोआप ईमेल जायची: तुम्ही अभ्यासात मागे पडत आहात. यादीचा मुख्य निकष होता व्हिडिओ किती मिनिटं पाहिला. त्यात काही नावं अशी होती, की पाहिलेली मिनिटं शून्य आणि असाइनमेंट मात्र जवळजवळ सगळ्या बरोबर. बैठकीत पहिली शंका अर्थातच कॉपीची निघाली. शून्य मिनिटांत कुणी कसं शिकेल?

मी म्हटलं, आरोप करण्याआधी विचारून तर बघू. साधी चार ओळींची ईमेल पाठवली, खाली माझं नाव घातलं. उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. एक बाई रात्रपाळीच्या नर्स होत्या. घरी इंटरनेट परवडत नाही, म्हणून शनिवारी सार्वजनिक लायब्ररीत जाऊन आठवड्याचे व्हिडिओ फोनवर उतरवून घ्यायच्या. एक जण गोदामात काम करणारा, बसमध्ये नुसता आवाज ऐकायचा. एकाला ऐकूच कमी यायचं. तो व्हिडिओला हात न लावता त्याखालचं लिखित संभाषण कॉपी करून वाचायचा. ‘मागे पडत आहात’ ही ईमेल त्या नर्सबाईंना पाच वेळा गेली होती. पाचव्या वेळी त्यांना खरंच वाटू लागलं होतं, की हे आपल्याला जमणार नाही, सोडून द्यावं.

डेटा गोळा करणं वाईट, असं मी म्हणत नाही. माझी चूल त्यावर पेटते. पण त्या यादीने एका चांगल्या विद्यार्थिनीला जवळपास घालवलं होतं, आणि ती गेली असती तर आमचा प्रोग्रॅम ‘बघा, माझं भाकीत खरं ठरलं’ म्हणून स्वतःलाच मार्क देऊन मोकळा झाला असता. त्यानंतर आम्ही मिनिटांचा निकष काढून टाकला. ईमेलही बदलली. आता तिच्यात आरोप नसतो, प्रश्न असतो: वेळ मिळत नाहीये, धडा अवघड जातोय, की तुम्ही दुसऱ्या पद्धतीने अभ्यास करताय? शेवटचा पर्याय निवडला की पुन्हा ईमेल जात नाही.

एक सहकारी म्हणाला, त्यापेक्षा उतरवलेला व्हिडिओ कधी पाहिला हेसुद्धा फोनवर नोंदवूया. तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. पण तो बसमध्ये, घरात, पाळीच्या मधल्या सुट्टीत कधी अभ्यास करतो हे आपल्याला कशाला हवं? अमेरिकेत लोक या बाबतीत बरेच जागे आहेत. शाळकरी मुलांच्या नोंदी एकत्र साठवणारी ‘इनब्लूम’ नावाची योजना दहा कोटी डॉलरचं पाठबळ असूनही पालकांच्या विरोधापुढे टिकली नाही. एप्रिल २०१४ मध्ये ती गुंडाळल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ उघडतं, हे बहुतेक पालकांना माहीत आहे. त्याच ‘दीक्षा’वरची सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती वर्षाहून जास्त काळ उघड्यावर पडली होती, ही जानेवारी २०२३ मधली बातमी किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे.

नाव पुसलं की झालं, इतकंही हे सोपं नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने २०१४ मध्ये आपल्या कोर्सेसच्या नोंदी ओळख पुसून संशोधनासाठी खुल्या केल्या. नाव नसलं तरी देश, वय, शिक्षण आणि घेतलेले कोर्स जुळवून माणूस सापडू शकतो. म्हणून वेगळ्या उठून दिसणाऱ्या नोंदी गाळाव्या लागल्या. ८,४१,६८७ पैकी ६,४१,१३८ उरल्या. वेगळे दिसणारे पुष्कळदा मन लावून बरेच कोर्स करणारेच असतात, त्यामुळे उरलेल्या नोंदींत सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांचं प्रमाण मुळापेक्षा कमी दिसू लागलं.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो वेगळाच. व्हिडिओच्या खाली ‘आम्ही एकत्र बसून पाहतोय’ असं एक बटण द्यावं, ही माझी सूचना. लातूरच्या त्या चौघांचा किस्सा सांगितल्यावर डिझाइनवाल्यांना ती पटली. कंपनीच्या वकीलबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, की लॉगिन एकाचं आहे, मग बाकीच्या तिघांची संमती तुम्ही कुणाकडून घेणार? बटण अजून लागलेलं नाही. मावसभावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘अरे दादा, बटण राहू दे, आधी व्हिडिओची साइज कमी कर.’ ते काम मात्र पुढच्या महिन्याच्या यादीत घातलंय.