सरासरी आणि झोळ : सबहार्मोनिक फलनांचा परिचय

सरासरी काढणे आपण सर्वच जण शाळेत शिकलो. परीक्षेपुरती वाटणारी ही क्रिया उच्च गणितात कोठवर नेते, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. म्हणून या स्मरणिकेत सबहार्मोनिक फलनांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

सोलापुरी चादर चारही बाजूंनी घट्ट ताणून धरली आहे, अशी कल्पना करू. तिच्या कडा कोठे किंचित उंच, कोठे किंचित खाली आहेत. चादरीला वजनच नसते, तर आतील प्रत्येक बिंदूची उंची त्याच्याभोवती काढलेल्या वर्तुळाच्या परिघावरील उंचींच्या सरासरीइतकी भरली असती. असा गुण असलेल्या फलनास हार्मोनिक म्हणतात. प्रत्यक्षात वजनामुळे चादरीला झोळ येतो आणि प्रत्येक बिंदू भोवतालच्या सरासरीहून खाली राहतो. केंद्रावरील मूल्य परिघावरील सरासरीपेक्षा कधीही अधिक नसणे, हेच सबहार्मोनिक फलनाचे मुख्य लक्षण होय.

या एका अटीतून पुष्कळ काही निष्पन्न होते. आतील एखादा बिंदू सर्वांत उंच आहे असे मानू. भोवतालची सरासरी त्याच्याहून कमी असू शकत नाही. म्हणून परिघावरील प्रत्येक बिंदू तितकाच उंच असला पाहिजे. अर्थात, चादर पूर्ण सपाट नसेल तर तिचा सर्वोच्च बिंदू कडेवरच सापडतो.

हंगेरीचे गणिती फ्रिजेश रीस यांनी १९२० च्या दशकात या फलनांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. असे फलन मर्यादित भागापुरते एक हार्मोनिक फलन आणि वजनाने आलेला झोळ यांत विभागता येते, असे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे झोळ पाहून कोठे किती भार आहे, हे ओळखता येते.

कडांची उंची ठाऊक असता आतील हार्मोनिक पृष्ठ कसे शोधावे? जर्मन गणिती ओस्कर पेरॉन यांनी १९२३ मध्ये मार्ग दाखविला. कडांवर दिलेली उंची न ओलांडणारी सर्व सबहार्मोनिक फलने घ्यावीत. प्रत्येक बिंदूवर ती जास्तीत जास्त जेथवर पोहोचतात, ती मर्यादा हार्मोनिक असते. असमतांच्या वाटेने येथे समता गाठली जाते.

पुढे ही कल्पना अधिक व्यापक झाली. १९४२ मध्ये जपानचे ओका आणि फ्रान्सचे लेलाँ यांनी अनेक संमिश्र चलांसाठी तिचे रूप मांडले. फ्रेंच गणिती मार्सेल ब्रेलो यांनी मोजक्या गृहीतकांवर सारा सिद्धांत उभारला. याच ब्रेलो यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावर व्याख्याने दिली. के. एन. गौरीशंकरन आणि एम. के. वेंकटेश मूर्ती यांनी त्यांची टिपणे तयार केली व ती १९६० मध्ये संस्थेने प्रसिद्ध केली.

‘सरासरीचा पुढे उपयोग काय?’ असे एखाद्या मुलाने वा मुलीने विचारल्यास पालकांनी ताणलेली चादर दाखवावी, अशी आमची विनंती आहे. उच्च गणिताची ही वाट त्यांच्याच पाठ्यपुस्तकातून सुरू होते.